अफानासी निकितीनचा परदेशवास

इ. स. १४७० च्या आसपासची गोष्ट. होर्मुझ बंदरांतून निघालेलें एक गलबत सहा आठवड्यांच्या प्रवासानंतर कोंकणच्या किनाऱ्यावर चौलला लागलें. त्यांतून उतरलेल्या व्यापाऱ्यांत एक गोरा मनुष्य होता. त्याच्यापाशीं मोलाची म्हणावी अशी एकच वस्तु होती, आणि ती म्हणजे एक उमदा घोडा. चौलच्या रस्त्यानें तो चालूं लागला तेव्हां बघ्यांचा घोळका त्याच्या मागें लागला. तो जाईल तिकडे लोक जात आणि त्याच्या गोऱ्या वर्णाकडे डोळे विस्फारून पाहत. तोहि त्यांच्याकडे तितक्याच नवलानें पाहत होता. उघड्या डोक्यानें, केंसांची एक वेणी घालून आणि अंगावर अगदीं थोडें वस्त्र घेऊन वावरणारे हे लोक थंड मुलखांतून आलेल्या त्या माणसाला अपूर्व वाटले. त्या दिवशीं चौलच्या बाजारांत पाहुणा यजमानांचें कौतुक करीत होता कीं यजमान पाहुण्याचें, हें सांगणें कठीण आहे.

या पाहुण्याचें नांव अफानासी निकितीन. रशियांतील वोल्गा नदीच्या तीरावरील त्वेर नगराचा तो व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोंचला तो १४९८ सालीं. त्याच्या आधीं सुमारें पाव शतक हा मनुष्य आपल्याकडे येऊन, जवळजवळ तीन वर्षें दक्षिणेंत राहून परत गेला. त्याच्या वास्तव्याचा काळ कांहीं अभ्यासक १४६९ ते १४७२ असा धरतात, तर कांहीं १४७१ ते १४७४ असा. तो राज्य जिंकावयास आला नव्हता, धर्मप्रसारासाठींहि आला नव्हता.  जातां जातां त्यानें कांहीं वह्या मात्र लिहून ठेविल्या. बहामनी राज्याच्या इतिहासासाठीं त्या वह्यांचा आधार इतिहासकार घेतात, आणि तें योग्यच आहे. परंतु परक्या देशांत, परक्या रीतीभातींत एकट्या पडलेल्या माणसाच्या मनाचें काय होतें, याचाहि तो एक दुर्मिळ आणि प्रामाणिक पुरावा आहे.

निकितीन घरून निघाला तो हिंदुस्थानाकडे नव्हेच. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेस शिर्वान नांवाचें राज्य होतें. तेथील राजाचा वकील हसनबेग मॉस्कोच्या राजानें दिलेले नव्वद शिकारी ससाणे घेऊन स्वदेशीं परतत होता. त्याच्या सोबतीनें गेल्यास वाट सुरक्षित राहील, असा हिशेब करून निकितीन आणि आणखी कांहीं रशियन व्यापारी वोल्गेंतून खालीं निघाले. हिशेब चुकला. आस्त्राखानजवळ तातारांनीं त्यांच्यावर हल्ला केला आणि निकितीनचा माल लुटला. मालाबरोबर त्याचीं धर्मपुस्तकेंहि गेलीं. पुढें समुद्रांत वादळ होऊन एक नाव फुटली आणि तींतील माणसें किनाऱ्यावरील टोळीच्या हातीं सांपडलीं. शिर्वानच्या राजानें त्यांना सोडवून दिलें. पण स्वदेशीं परत जाण्यापुरती मदत करा, ही त्यांची विनवणी मात्र त्यानें मानली नाहीं. माणसें पुष्कळ आहेत, असें कारण सांगून त्यानें त्यांना रिकाम्या हातानें वाटेला लावलें.

तेव्हां ते व्यापारी रडत रडत पांगले. निकितीन लिहितो त्याचा आशय असा, कीं ज्यांचें घरीं कांहीं होतें ते घरीं परतले आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतें त्यांनीं दिसेल ती वाट धरली. त्यानें स्वतः दुसरी वाट धरली. यांतच त्याच्या सगळ्या पुढील भ्रमंतीचें मर्म आहे. परदेशीं जाणाऱ्या माणसाला पाहून मागें राहणाऱ्यांना वाटतें, कीं हा वैभवाच्या ओढीनें चालला. पुष्कळदां वैभवाची ओढ नसते, रिकाम्या हातानें घराचा उंबरठा ओलांडण्याची लाज असते. निकितीन बाकूला गेला, समुद्र ओलांडून इराणांत उतरला, आणि गांवोगांव मुक्काम करीत, कोठें एक महिना तर कोठें त्याहून अधिक राहून, अखेर होर्मुझला पोंचला. तेथें त्यानें जवळची पुंजी एका घोड्यांत घातली.

तो व्यवहार अविचाराचा नव्हता. दक्षिणेंतील सुलतानांचें बळ घोडदळावर होतें आणि चांगले घोडे दक्षिणेंत निपजत नसत. ते अरबस्तानांतून व खोरासानांतून समुद्रमार्गें येत, आणि चौल, दाभोळ या बंदरांत उतरतांच त्यांना सोन्याचें मोल येई. त्या वेळीं बहामनी राज्याचा सूत्रधार असलेला महमूद गवान स्वतः असाच आलेला होता. इराणांतील गिलान प्रांताचा हा व्यापारी १४५३ च्या सुमारास दाभोळला उतरला आणि बीदरला गेला. आपल्या बुद्धीच्या जोरावर तो इतका चढला, कीं ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, ही पदवी मिळवून राज्याचा प्रधान झाला. एक घोडा घेऊन येणाऱ्या परदेशी माणसानें मनांत आशा बाळगावी, असें तें उदाहरण डोळ्यांसमोर होतें.

चौलहून सह्याद्रि चढून मजल दरमजल निकितीन जुन्नरला आला आणि पावसाळ्यांत तेथेंच अडकला. चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल, असें त्यानें त्या ऋतूचें वर्णन केलें आहे. त्याच्या देशांत थंडीनें वाटा बंद होत, येथें पावसानें झाल्या. म्हणून या पावसाळ्यालाच तो येथील हिवाळा म्हणतो. याच दिवसांत लोक नांगरतात व पेरतात, घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, नारळाची आणि ताडाची दारू करतात, असें सारें तो बारकाईनें टिपतो. जुन्नर एका खडकावर वसलेलें असून वर जाणारी वाट इतकी अरुंद आहे, कीं दोन माणसांना शेजारी शेजारी चालतां येत नाहीं, असें तो सांगतो. शिवनेरीचे कडे पाहिलेल्या माणसाला हें वर्णन ओळखीचें वाटेल. त्याच शिवनेरीवर १६३० मध्यें शिवाजीमहाराजांचा जन्म व्हावयाचा होता.

जुन्नरचा अधिकारी असदखान हा महमूद गवानच्या हाताखालील सरदार. निकितीनचा घोडा त्याच्या नजरेंत भरला, आणि हा परदेशी मुसलमान नाहीं, रशियन आहे, असेंहि त्याला कळलें. त्यानें घोडा ठेवून घेतला आणि निकितीनपुढें दोन वाटा ठेविल्या. आमचा धर्म स्वीकारलास तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार सोन्याचीं नाणीं मिळतील. न स्वीकारलास तर घोडा जाईल आणि हजार नाणीं तुझ्याचकडून वसूल होतील. विचाराला चार दिवसांची मुदत दिली. आश्रय नाहीं, ओळख नाहीं, दाद मागावयास जागा नाहीं, आणि जी काय पुंजी होती ती खानाच्या तबेल्यांत बांधलेली. ते चार दिवस त्यानें कसे काढले असतील, याची कल्पना करावी.

त्याच्याआधीं कांहीं वर्षें निकोलो कोंती नांवाचा व्हेनिसचा व्यापारी हिंदुस्थानांत राहून गेला होता. परततांना मिसर देशांत बायकामुलांच्या जिवाच्या भीतीनें त्यानें स्वधर्म सोडला होता. त्याचें प्रायश्चित्त म्हणून पोपनें त्याला आपल्या प्रवासाचा वृत्तांत सांगण्याची आज्ञा केली, अशी हकीकत आहे. निकितीनवर ती पाळी आली नाहीं. ऑगस्टमधील ख्रिस्ती सणाच्या आदल्या दिवशीं महंमद नांवाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरला आला. निकितीननें त्याचे पाय धरले. तो गृहस्थ खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराची अट मागें घेवविली आणि घोडाहि सोडवून आणला. निकितीन त्याला देवाचा चमत्कार म्हणतो. परंतु ज्याच्या हातून तो चमत्कार घडला तो मनुष्य मुसलमान होता आणि निकितीनसारखाच दूर देशाहून आलेला होता, हें विसरतां येत नाहीं.

घोडा परत मिळाला तरी मनाचा कडवटपणा गेला नाहीं. या प्रसंगानंतर तो आपल्या देशबांधवांना उद्देशून लिहितो, कीं ज्याला हिंदुस्थानांत जावयाचें असेल त्यानें आपला धर्म रशियांतच ठेवून निघावें. वाटेंत भेटलेल्या व्यापाऱ्यांनीं आपणांस फसविलें, असेंहि तो सांगतो. आपल्या देशास उपयोगी असा माल येथें विपुल आहे, असें त्यांनीं सांगितलें होतें. प्रत्यक्षांत मिरीं आणि रंग स्वस्त, पण जकाती भारी आणि समुद्रावर चांचे फार. वैतागाच्या भरांत त्यानें त्या लोकांना शिव्याहि दिल्या आहेत. जें लिहिलें तें कोणाला आवडावें म्हणून लिहिलें नाहीं, हाच त्या वह्यांचा गुण आहे.

पुढें तो राजधानीस, बीदरला गेला. तेथें सुलतान तिसरा महंमदशहा वीस वर्षांचा तरुण होता आणि सत्ता खोरासानी सरदारांच्या हातीं होती. सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात, त्यांच्यापुढें सोन्याच्या साजाचे घोडे चालतात, आणि खेड्यांतील रयत मात्र अत्यंत दरिद्री आहे, हा विरोध त्याच्या नजरेंतून सुटला नाहीं. राजवाड्याला सात दरवाजे. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. कारकून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवीत. परक्यांना मात्र आंत प्रवेश नाहीं.

येथें निकितीननें परक्या माणसासाठीं जो शब्द वापरला आहे तो मराठी कानाला चमकविणारा आहे. तो शब्द म्हणजे ‘गरीब’. मूळ अरबी भाषेंत ‘गरीब’ याचा अर्थ परका, परदेशी, आपल्या माणसांपासून तुटलेला. बहामनी राज्यांत इराण-अरबस्तानाहून आलेल्या मंडळींनाहि हाच शब्द लावीत. तोच शब्द मराठींत येऊन निर्धन या अर्थानें रूढ झाला. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं तो गरीब, असें आपण समजतो. ज्याच्यापाशीं आपलीं माणसें नाहींत तो गरीब, असें मूळचा शब्द सांगतो. बीदरच्या दरवाजाबाहेर उभा असलेला निकितीन दोन्ही अर्थांनीं गरीब होता. वर्षभर पोसलेला घोडा त्यानें तेथें नाताळच्या सुमारास विकला. पण राहण्याखाण्याचा खर्च मोठा. एकट्याच्या जेवणाला रोज अडीच आल्तीन लागतात आणि तरीहि आपल्याकडचें मद्य ओठाला लागत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे.

या देशांत तो खोजा युसुफ खोरासानी या नांवानें वावरत होता. बीदरला त्याच्या पुष्कळ हिंदूंशीं ओळखी झाल्या, तेव्हां त्यानें हा पडदा दूर केला. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहों आणि आपलें खरें नांव अफानासी आहे, असें त्यानें त्यांना सांगितलें. त्याचा परिणाम त्यानें मोठ्या समाधानानें नमूद केला आहे. त्या लोकांनीं त्याच्यापासून कांहीं लपविलें नाहीं. जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा सारें त्याला पाहूं दिलें आणि घरच्या स्त्रियांनाहि पडद्याआड ठेविलें नाहीं. त्यांच्यांत चौऱ्याऐंशीं पंथ असून एकाचा दुसऱ्याशीं रोटीव्यवहार नाहीं आणि बेटीव्यवहारहि नाहीं, असें त्यानें लिहिलें आहे. प्रवासांत प्रत्येक जण आपलें भांडें वेगळें ठेवतो आणि परक्याची दृष्टि अन्नावर पडूं देत नाहीं, हेंहि तो पाहतो. आपले उपासतापास धडपडून सांभाळणाऱ्या त्या माणसाला या कडक सोंवळ्याचें हंसूं आलेलें दिसत नाहीं. शिवरात्रीच्या यात्रेला तो त्यांच्याबरोबर श्रीशैल पर्वतावर गेला, आणि हें त्यांचें जेरुसलेम आहे, असें लिहून मोकळा झाला. तेथील एका मूर्तीचा उंचावलेला उजवा हात पाहून त्याला कॉन्स्टँटिनोपलच्या जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याची आठवण झाली. अनोळखी गोष्ट ओळखीची करून घेण्याचा माणसाजवळ हाच एक उपाय असतो.

आणि तरीहि त्याचें खरें दुःख वेगळेंच होतें. त्याच्या तिथि हरवल्या होत्या. ईस्टर हा ख्रिस्ती लोकांचा मुख्य सण. पण तो ठराविक तारखेला येत नाहीं. वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार असा त्याचा हिशेब असून त्याला कोष्टकें लागतात. पुस्तकें वोल्गेवर लुटलीं गेलीं होतीं. पंचांग गमावलेल्या ब्राह्मणाला परमुलखांत एकादशी कधीं आणि संक्रांत कधीं हें कळेनासें व्हावें, तशी त्याची गत झाली. ईस्टर चुकला कीं त्याच्याआधींचे उपवास चुकले. बुधवार कोणता आणि शुक्रवार कोणता हेंहि कळेना. मग तो आकाशाकडे पाहूं लागला. कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडांत शिरले आहेत, सप्तर्षींचें तोंड पूर्वेकडे आहे, तेव्हां सण आतां आला असावा, असा अदमास तो बांधी. मुसलमानांच्या सणावरून आपला सण नऊ-दहा दिवस आधीं येत असावा, असेंहि गणित त्यानें मांडलें आणि त्यांच्या रोजांबरोबर आपले उपवास धरले.

अशांत बीदर येथें मलिक नांवाच्या एका मुसलमानानें त्याला धर्मांतराचा आग्रह केला. निकितीननें नकार देतांच त्यानें असें सुनावलें, कीं तूं आमचें कांहीं पाळत नाहींस आणि स्वतःचेंहि तुला ठाऊक नाहीं. जुन्नरच्या खानाच्या धमकीला उत्तर देतां आलें होतें. या बोलण्याला देतां येईना. कारण तें खरें होतें. त्या रात्रीं त्यानें स्वतःचा जो धिक्कार केला आहे तो वाचवत नाहीं. आपण वाट चुकलों, पुढें कोठें जावें हें कळत नाहीं, देवानें आपणांस टाकूं नये, अशी त्याची आर्त विनवणी आहे. परदेशवासांत माणूस एकदम बदलत नाहीं. एक सण विसरतो, मग एक शब्द विसरतो, आणि एके दिवशीं कोणी सहज विचारतें, कीं तूं कोण, तेव्हां त्याला उत्तर सुचत नाहीं.

मायदेशीं परतण्याची आशा मात्र सुटली नव्हती, आणि तिचा सर्वांत हृद्य पुरावा त्यानें परक्या भाषेंत ठेविला आहे. वह्यांत मधूनमधून तो तुर्की, फारसी आणि अरबी शब्दांची मिसळ करून लिहितो. अशाच एका तुर्की उताऱ्यांत तो देवाजवळ मागणें मागतो, कीं रशियाच्या भूमीचें रक्षण व्हावें. तिच्यासारखी भूमि जगांत दुसरी नाहीं. तेथील सरदार अन्यायी आहेत, तरी तेथें सुव्यवस्था नांदावी आणि न्याय नांदावा. सरदारांचा उल्लेख सरदारांना समजूं नये म्हणून त्यानें ही भाषा वापरली असावी, असा तर्क करतां येतो. दुसरेंहि कारण संभवतें. इतकीं वर्षें ज्या भाषांत तो घोड्याचें मोल करीत होता, पाणी मागत होता, निवारा मागत होता, त्याच भाषा आतां देवाशीं बोलतांनाहि ओठांवर येत असाव्यात. वह्यांच्या अखेरची प्रार्थनाहि अरबी भाषेंत, ईश्वराच्या अरबी नांवांची आहे. त्यावरून त्यानें खरोखर धर्मांतर केलें होतें कीं काय, याबद्दल पंडितांत वाद आहे. वादाचा निकाल कांहीं लागो; ज्या देशांत त्याच्यावर धर्मांतराचे प्रसंग आले, त्याच देशाची वाणी त्याच्या प्रार्थनेंत मुरून गेली, एवढें निश्चित.

शेवटीं परतीची वाट धरून तो दाभोळला आला आणि दोन सोन्याचीं नाणीं भाडें देऊन होर्मुझच्या गलबतांत चढला. वाऱ्यानें गलबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेलें. तेथील लोकांना तांदूळ, मिरीं आणि भाकरी देऊन प्रवाशांनीं लूट टाळली. मस्कत, होर्मुझ, शिराझ, इस्फहान, ताब्रीझ असें करीत तो काळ्या समुद्रावरील त्राब्झोनला आला. तेथें तुर्की अधिकाऱ्यांनीं हेरगिरीच्या संशयानें त्याच्या सामानाची झडती घेतली. कागदपत्रें सांपडलीं नाहींत; ज्या लहानसान चांगल्या वस्तु सांपडल्या त्या त्यांनीं ठेवून घेतल्या. वादळें सोसून तो क्रिमियांतील काफा बंदराला लागला. कास्पियन, हिंदी महासागर आणि काळा समुद्र असे तीन समुद्र ओलांडून झाले होते. आतां केवळ जमिनीची वाट राहिली होती.

त्या वाटेवर, स्मोलेन्स्कला पोंचण्यापूर्वींच, तो मरण पावला. त्याच्या हातच्या वह्या कोणा व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस नेल्या आणि तेथील राजाचा चिटणीस वासिली मामिरेव याच्या हवालीं केल्या. १४७५ च्या नोंदीखालीं त्या बखरींत उतरवून घेण्यांत आल्या. पुढें दहा वर्षांनीं, १४८५ मध्यें, त्वेरचें स्वतंत्र राज्य मॉस्कोनें गिळलें. म्हणजे ज्या राज्यांतून तो निघाला होता तेंहि राहिलें नाहीं. ज्या महमूद गवानच्या भाग्योदयाकडे पाहून परदेशीयांनीं आशा धरावी, त्याचाहि शेवट याच सुमारास झाला. दक्षिणी आणि परदेशी सरदारांच्या वैरांत एक बनावट पत्र पुढें करून शत्रूंनीं सुलतानाचें मन कलुषित केलें, आणि १४८१ मध्यें त्या वृद्ध प्रधानाचा शिरच्छेद झाला. अट्ठावीस वर्षांच्या सेवेनंतरहि राज्याच्या हिशेबीं तो परकाच होता.

निकितीनच्या वह्या साडेतीन शतकें विस्मृतींत राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रशियन इतिहासकार करमझिन याला त्या एका मठाच्या संग्रहांत सांपडल्या आणि त्यानें त्या जगापुढें आणल्या. १८५७ मध्यें त्यांचें इंग्रजी भाषांतर लंडनला छापलें गेलें. १९५७ मध्यें ‘परदेशी’ नांवाचा हिंदी-रशियन बोलपट निघाला. त्वेरला वोल्गेच्या कांठीं १९५५ पासून त्याचा पुतळा उभा आहे, आणि चौलशेजारीं रेवदंड्याला त्याचें स्मारक आहे. हयातींत ज्याला बीदरच्या दरवाजांतून आंत सोडीत नव्हते आणि स्वतःच्या गांवाचा दरवाजा ज्याला पुन्हां दिसला नाहीं, त्याला आतां दोन्ही ठिकाणीं जागा मिळाली आहे.

त्याच्या वह्यांत सुलतानाचे हत्ती आहेत, हिऱ्यांचे भाव आहेत, बंदरांमधील अंतरें आहेत. पण चौलच्या किनाऱ्यावरून आज समुद्राकडे पाहतांना त्यांतील दुसऱ्याच गोष्टी आठवतात. जुन्नरला एका परक्यासाठीं शब्द टाकणारा खोरासानी गृहस्थ, खरें नांव ऐकल्यावर आपलें घर मोकळें करणारीं बीदरचीं माणसें, आणि अनोळखी आकाशांत कृत्तिकांच्या खुणेवरून आपला सण शोधणारा एक एकटा मनुष्य.